वरसेला पोचवलेलं मीठ

"हात नको लावू पोरीला! सांगितलं ना एकदा!"

ठमाबाईचा हा आवाज कुडातून आला तेव्हा मी सुका जवळा पाखडत बसले होते. आमच्या दोन घरांत कारवीचा एकच कूड, वरून शेणामातीचा लेप. वडखळच्या अलीकडं खाडीकाठाला आमचं गाव, तिथं शेजारणीनं सुस्कारा टाकला तरी आपल्या चुलीतली राख उडते. म्हणून मी चोरून ऐकलं असं म्हणणार नाही. सूप मात्र खाली ठेवलं. जवळ्याचा आवाज फार होतो.

"माझी पोर हाय. पाजू नको तिला?" ही चंद्रावती, ठमाबाईची सून. बाळंत होऊन तिला दीडएक महिना झाला होता.

"वरचं दूध दे. वाटी-चमचा हाय घरात. तुझ्या अंगावरचं चट्ट्यांचं दुखनं तिला लागंल."

"लागायचं आसतं तर पोटात व्हती तवा नसतं लागलं?"

शाबास गो, मी मनात म्हटलं. पण ठमाबाईनं उत्तर तयारच ठेवलं होतं.

"पोटात व्हती तवा तुझ्या अंगावर व्हतं कुठं? पोरीनंच वढून घेतलं ते. ती भायेर आली नि तुझं तुला परत आलं. पन तिच्या आतमधी बी थोडं राह्यलं आसंल. तू सारखी जवळ घेत बसलीस तर तुझं बघून तिचं बी वर येईल."

"कोनी सांगितलं तुमाला?"

"माझ्या केसांनी सांगितलं. पांढरे झालेत ते."

मोरू घरातच होता. ठमाबाईचा मुलगा, चंद्राचा नवरा. तो खोकला म्हणून कळलं. घरातल्या भांडणात मोरूचा वाटा तेवढाच.

हे नव्वद सालचं. पोरीचं नाव भाविका ठेवलं होतं. त्या दिवशी ती रडत होती, आणि वाटीत चमचा वाजत होता.

चंद्रा लग्न होऊन आली तेव्हा तिचं अंग साफ होतं. मिठागरावर काम करण्यात तिचा हात धरणारी बाई आमच्या गावात नव्हती. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन ओल्या बांधावरून अशी चालायची की वाटे, बांधच तिच्या पायाखालून मागं पळतोय. मी मागून ओरडायचे, "अगो, आमाला म्हाताऱ्या म्हनून हिनवतेस काय?" ती वळून न बघता सांगायची, "म्हाताऱ्या व्हायला येळ हाय काकी, आदी रास संपवा."

पहिल्या श्रावणात तिच्या कोपरांवर नि गुडघ्यांवर चट्टे उठले. लाल, वर पांढरे खवले, बोयट मासळीच्या असतात तसे. खाजवलं की भुगा पडायचा. पावसाळाभर ते वाढले, दिवाळीनंतर ती मिठागरावर जायला लागली आणि शिमग्यापर्यंत निम्मेशिम्मे गेले. पुढच्या पावसात परत आले. आम्ही सगळे मिठातली माणसं. आमच्या पायाला भेगा पडतात त्या मिठानं, डोळे चुरचुरतात ते मिठानं. मग हेही मिठाचंच, असं सगळ्यांनी ठरवलं. ते पावसात वाढतं आणि मिठाच्या दिवसांत उतरतं, हे समोर दिसत होतं. पण एकदा ठरलेली गोष्ट परत बघायला कोण बसतं?

मग तिला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यापासून अंग असं स्वच्छ झालं की ठमाबाईनं मरीआईला नारळ फोडला. बाळंत झाली, महिना उलटला, आणि चट्टे दुपटीनं आले. पाठीवर, पोटावर, केसांत.

ठमाबाईला तुम्ही वाईट समजू नका. तिचा सख्खा भाऊ महारोगानं गेलेला. गावानं त्याला खाडीपलीकडं झोपडी बांधून दिली होती आणि ही लहान पोर रोज भाकरी नेऊन बांधावर ठेवायची, मग लांब जाऊन उभी राहायची. तो येऊन उचलून न्यायचा. बोटं नसलेल्या हातानं भाकरी कशी उचलतात ते तिनं पाहिलं होतं. कातडीचं कुठलंही दुखणं तिला एकच दिसायचं.

म्हणून तिनं नातीला वाचवलं, तिच्या हिशोबानं. रोह्याजवळ वरसेला तिची लेक कृष्णाबाई दिली होती. नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाणारा, घर पक्कं, पदरी मूलबाळ नाही. आणि मोठी गोष्ट म्हणजे तिथं कुंडलिकेचं गोडं पाणी. आमच्याकडं जुनी माणसं म्हणायची, खाऱ्या पाण्याचं दुखणं गोड्या पाण्यावर चढत नाही. भाविका तीन महिन्यांची झाली नि कृष्णाबाई येऊन तिला घेऊन गेली. चंद्रानं दुपट्याची घडी घालून दिली. पोर दुसऱ्याच्या कडेवरून गेली आणि दुधानं भरलेली छाती घेऊन ही माझ्या पडवीत येऊन बसली. मी छातीवर ठेवायला कोबीची पानं आणून दिली, दुसरं काय करणार होते.

चंद्रालाही मिठागर बंद केलं. "सावलीत ऱ्हा, अंग झाकून ऱ्हा," ठमाबाईचा हुकूम. लांब बाह्यांचं पोलकं, वरून पदर. ती घरात पापड लाटायची, पेणच्या दुकानांत जायचे ते पोह्याचे पापड. वाळत घालायला मात्र ठमाबाई स्वतः उन्हात जायची, सुनेला जाऊ द्यायची नाही. अशा रीतीनं त्या बाईला बरं करणारी जी एक गोष्ट होती ती आम्ही सगळ्यांनी मिळून, मायेनं, तिच्यापासून काढून घेतली. चट्टे मग उन्हाळ्यातही जाईनात. पेणच्या कुणा वैद्यानं काळं मलम दिलं, त्याला डांबराचा वास. हायवेवर डांबर टाकत असले की लोक म्हणायचे, मोरूची बायको कुठं जवळपास हाय काय?

पोरीला बघायला जायला ठमाबाईनं नाही म्हटलं नाही. अट एकच. घरात शिरायचं नाही, पोरीला घ्यायचं नाही. आणि जाताना मीठ घेऊन जायचं, म्हणजे गावात विचारलं तर सांगायला काम असतं. मी विचारलं, "मिठानं झालं बोलतेस नि मीठच धाडतेस लेकीकडं?" ठमाबाई म्हणाली, "खायाचं मीठ येगळं नि अंगात मुरतं ते येगळं."

तेव्हापासून चंद्रा मीठ पोचवायला लागली. महिन्या-दीड महिन्यानं खादीची पिशवी भरायची, वडखळला एसटी पकडायची, रोह्याच्या स्टँडवरून चालत वरसेला जायची. पिशवी ओट्याच्या कडेला ठेवायची आणि हाक द्यायची, "वन्सं, मीठ ठेवलंय." मग पायरीवर बसायचं. कृष्णाबाई चहा आणायची, कप वेगळा. समोर भाविका रांगली, चालली, बोलली. तिला शिकवलं होतं, ही मीठवाली मावशी. तीन वर्षांची असताना तिनं नाक दाबून विचारलं, "मावशी, तुला रस्त्याचा वास का येतो?"

"मी रस्त्यानं येते म्हनून," चंद्रानं सांगितलं.

हे तिनं मला हसत सांगितलं. हसता हसता पदर तोंडात कोंबला.

त्र्याण्णवच्या शेवटाला तिला परत दिवस गेले, आणि परत तसंच झालं. चट्टे फिके पडले, खवले गळले, कातडी तुळतुळीत. आता ठमाबाई स्वतःच म्हणाली, "सध्या तुझ्या अंगावर नाय, पोटातलं पोर वढून घेतंय. जा, भाविकाला घे जवळ. हाय तवर घे." काय हा न्याय! पण चंद्रानं वाद घातला नाही. ती जायची आणि ओट्यावर बसून लेकीची वेणी घालायची. भाविकाचे केस दाट, गुंतणारे, चंद्राच्याच डोक्यावरचे काढून लावल्यासारखे. परत आली की बोटं नाकाशी धरायची. "काकी, खोबरेल नि शाळेचा खडू, आसा वास येतो तिला."

आठव्या महिन्यात अंगावर सूज आली, झटके आले. पोर मेलेलंच निघालं. ती वाचली. दोन महिन्यांत अंग पुन्हा भरलं आणि वरसेच्या ओट्यावरची तिची जागा पुन्हा पायरीवर आली. भाविका फणी घेऊन धावत आली तर कृष्णाबाईनं तिला दंडाला धरून मागं ओढलं. पोरीला कळेना, मागच्या खेपेला चालत होतं ते आता का नाही.

शहाण्णवात पेणला एक कातडीच्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा बसायला लागल्या. मी चंद्राला ओढूनच नेलं. बाई तरुण होत्या. त्यांनी चट्टे पाहिले आणि साध्या, उघड्या हातानं तिचं कोपर धरलं, बाजारात पपई धरून बघतो तसं. चंद्रा दचकून मागं सरकली.

"हा सोरायसिस आहे," बाई म्हणाल्या. "महारोग नाही, खरूज नाही. हा कुणाला लागत नाही. तुमची कातडी घाईत आहे एवढंच. जुनी पडायच्या आत नवी तयार करते, म्हणून खवले साचतात."

चंद्रानं बरं होईन का ते विचारलंच नाही. "पोरीला हात लावला तर?"

"लावा की. आता मी तुम्हाला लावलाय ना?"

मग बाईंनी विचारून विचारून सगळं काढून घेतलं, मिठागर, पाऊस, दोन्ही बाळंतपणं. मला समजलं तसं सांगते. अंगात हार्मोन म्हणून असतात, ते रक्तातून निरोप नेतात. इथं हे कर, तिथं थांब. बाई पोटुशी राहिली की ते निरोप बदलतात. पोटातलं मूल परकं समजून शरीरानं त्याच्याशी भांडू नये म्हणून आतलं सगळं जरा शांत होतं. त्या शांतीत चंद्राची कातडीही शांत व्हायची. "सगळ्यांचं असं होत नाही, काहींचं वाढतंही," बाई म्हणाल्या. बाळंत झालं की निरोप उतरतात आणि दुखणं परत. पोरीनं काही ओढून घेतलेलं नव्हतं. आणि ऊन. उन्हात आपली कातडी डी व्हिटॅमिन बनवते, त्यानं तिची घाई कमी होते असं आता कळत चाललंय. उन्हाचा स्वतःचाही गुण असतो. तसल्याच व्हिटॅमिनचं मलम निघालंय, ते मुंबईहून मागवू. "तोवर सकाळचं कोवळं ऊन बेतानं घ्या. भाजून मात्र घेऊ नका, उलट वाढेल."

"म्हंजी मिठागरावर मना बरं वाटायचं ते..."

"बरंच वाटत होतं तुम्हाला."

चंद्रा माझ्याकडं बघत राहिली. सहा वर्षं ती सावलीत बसली होती.

दुसऱ्या बाळंतपणाचं ऐकून बाई गंभीर झाल्या होत्या. झटके परत येऊ शकतात, तेव्हा परत दिवस राहू देऊ नका, राहिलेच तर पहिल्या महिन्यापासून दवाखाना सोडू नका, असं दोनदा बजावलं. हेही बोलल्या, की हे दुखणं क्वचित रक्तातून मुलांत उतरतं. पण ते हात लावून नव्हे.

आम्ही थेट वरसे गाठलं. चंद्रानं पायरीवर उभं राहून एका दमात सगळं सांगितलं. बाईंचं शेवटचं वाक्यही. मी कोपर मारलं, पण प्रामाणिक माणसाला कोपर कळत नाही.

कृष्णाबाईनं नेमकं तेच उचललं. "रक्तातून जातं ना? मंग लागतंच की, दुसऱ्या वाटंनं."

"रक्त तर तिच्यात आदीच माझं हाय, वन्सं. आता हात लावून काय वाढनार?"

कृष्णाबाईनं तिच्या कोपरांकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "तुझं अंग साफ दिसू दे. एकदम साफ. मंग घे."

तेव्हा मला कळलं की गोष्ट लागण्याची राहिली नव्हती. दारामागून भाविकानं हाक मारली, "आई, कोन आलंय गो?" आणि दोघींनी एकदमच मान वळवली.

घरी ठमाबाई म्हणाली, "डॉक्टरीनीनं मीठ डब्यातलंच बघितलंय." मिठागर काही परत सुरू झालं नाही. मोरू तोवर डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर जायला लागला होता. पण चंद्रा रोज सकाळी ओट्यावर बाह्या सारून ऊन घ्यायची, मलम लावायची. वर्षभरात पुष्कळ उतरलं. पाठ गेली, पोट गेलं. कोपरं आणि हाताच्या मागची बाजू राहिली. झाकायला येत नाहीत अशाच जागा. प्रत्येक खेपेला कृष्णाबाई तिच्या हातांकडं बघायची आणि वेगळा कप आणायची.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर एकदा चंद्रा माझ्याकडं ताक मागायला आली. मी तिच्या हातांकडं बघितलं. साफ होते.

"कितवा?" मी विचारलं.

"चौथा सरंल आता."

"अगो, डॉक्टरीनबाई काय बोलल्या ते इसरलीस?"

"नाय इसरले. पोटात पोर आसलं का अंग शांत व्हतं, बोलल्या ना?"

"नि दुसरं बोलल्या ते?"

"ते मना ऐकू नाय आलं काकी. पंखा फिरत व्हता."

मला राग आला. ती ताकाचं भांडं हातात धरून उभी होती, जत्रेला निघालेल्या पोरीसारखी.

दवाखान्यात ती नेमानं गेली, गोळ्या घेतल्या. तरी शिमगा झाल्यावर एका सकाळी डोळ्यांपुढं अंधारी आली, डोकं फुटायला लागलं. जीप करून अलिबागला न्यायचं ठरलं. वडखळच्या फाट्यावर गाडी वळली तोवर ती माझ्याशी बोलत होती. पुढं बोलली नाही. मुलगा जगला, मूठभर, काचेच्या पेटीत ठेवावा लागला. ती नाही जगली. कुणाचं चुकलं नाही, डॉक्टरांनी धावपळ केली. चुकलं ते फार आधीच चुकून गेलं होतं.

तिला न्हाऊ घालायला मी आणि ठमाबाई बसलो. सवाष्ण गेलेली, म्हणून अंगभर हळद लावायची. नऊ वर्षांत ठमाबाईनं सुनेच्या अंगाला हात लावला नव्हता. आता कोपरापासून मनगटापर्यंत हळदीचा हात फिरवत ती मला म्हणाली, "अंग कसं साफ हाय बघ गो मैने. एक खवला नाय." परत तिथूनच हात फिरवला. मी पाणी ओतत राहिले. ती थांबेचना. शेवटी मीच तिचा हात धरून बाजूला केला.

हे सगळं व्हायच्या एक आठवडा आधी चंद्रा मीठ पोचवायला गेली होती. सातवा सरत आलेला, म्हणून एकटीला सोडायला नको, मी सोबत गेले. मीठ तिनं स्वतः राशीवरून भरलं होतं, मोठं खडेमीठ. कितीतरी वर्षांनी आखूड बाह्यांचं पोलकं घातलं होतं. एसटीत खिडकीशी बसली आणि वरसे येईपर्यंत दंडावर ऊन घेत राहिली.

पावलं सुजली होती, चपलेचा पट्टा रुतत होता. मी म्हटलं, "दवाखान्यात दाखवू." ती म्हणाली, "सोमवारी जायाचंच हाय."

ओट्याशी आल्यावर तिनं सवयीनं पिशवी कडेला ठेवली, सवयीनं पायरीवर बसली आणि हाक दिली, "वन्सं, मीठ ठेवलंय."

कृष्णाबाई बाहेर आली. तिनं हात पाहिले. "वर बस गो," म्हणाली, आणि आमच्या तिघींना एकसारख्या कपांत चहा आणला.

भाविका फणी, तेल, लाल रिबिनी घेऊन आली आणि न विचारता चंद्राच्या गुडघ्यांमध्ये पाठ करून बसली. मागच्या दोन-चार खेपा अशाच झाल्या होत्या, तिला पाठ झालं होतं.

"मावशी, तुला आता रस्त्याचा वास येत नाय."

"रस्ता घरी ठेवून आले आज."

"घट्ट नको घालू."

"नाय घालत."

तिनं भांग पाडला, दोन वेण्या घातल्या. एक वाकडी झाली म्हणून सोडली, परत घातली. मला ती वाकडी दिसली नव्हती. मग दुसरीही सोडली. कृष्णाबाई दारात उभी राहून बघत होती. पोरीची मान मागं कलली आणि चंद्राच्या पोटाला टेकली. आतून पोरानं लाथ मारली असावी, कारण भाविका "अय्या!" म्हणून वळली आणि तिनं पोटावर तळवा ठेवला. चंद्रानं वरून आपला हात ठेवला.

"मावशी, पुढच्या खेपेला हिरव्या रिबिनी आन. पेणला मिळतात, मैत्रिनीनं आनल्यात."

"आनीन."

कृष्णाबाईनं मीठ बरणीत ओतून पिशवी झटकून आणून दिली. चंद्रानं ती पायरीच्या कडेला पुन्हा एकदा झटकली, दुहेरी घडी घातली, आणखी एकदा घातली आणि कमरेला खोचली, नेहमीसारखी. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून उठली आणि आम्ही स्टँडकडं चालायला लागलो.